तिसरा कोन : त्रिकोणीकरणाची पद्धत आणि पालघरचा इतिहास

त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन्ही टोकांचे कोन कळले, की तिसरा बिंदू प्रत्यक्ष न गाठताही त्याचे स्थान आणि उरलेल्या दोन्ही बाजूंची लांबी निश्चित होते. भूमितीतील या गुणधर्मावर उभारलेल्या मोजणीच्या पद्धतीला त्रिकोणीकरण असे नाव आहे. नदीपलीकडचे झाड, चढता न येणारे शिखर किंवा समुद्रातले बेट यांचे अंतर साखळी न टाकता काढण्याचे हे शास्त्र मूळचे भूमापकांचे असले, तरी पुढे ते नाविकांनी आणि भूकंपशास्त्रज्ञांनी आपलेसे केले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समाजशास्त्राने व इतिहासलेखनाने त्याला नवा अर्थ दिला. या नव्या अर्थाने एकच विधान परस्परांपासून स्वतंत्र अशा अनेक पुराव्यांवर तपासून घेणे म्हणजे त्रिकोणीकरण होय. उत्तर कोकणातील तारापूर-बोईसर, केळवे-माहीम, डहाणू आणि लगतचे संजाण हा पट्टा या दुसऱ्या अर्थाच्या अभ्यासाला विशेष अनुकूल आहे, कारण येथील भूतकाळाबद्दल ताम्रपट, बखर, परकीय दप्तरे, मौखिक परंपरा आणि उत्खनन अशा भिन्न जातीच्या साक्षी उपलब्ध आहेत आणि त्या बहुधा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत.

भूमापनातील एक बारकावा या संपूर्ण विषयाच्या केंद्रस्थानी आहे. त्रिकोण सोडवायला एक बाजू आणि दोन कोन पुरेसे असतात, तरीही काळजीपूर्वक काम करणारा भूमापक तिसऱ्या बिंदूवर जाऊन तेथील कोनही मोजतो. हा तिसरा कोन उत्तर काढण्यासाठी लागत नाही. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश येते की नाही हे पाहण्यासाठी तो लागतो. मोठ्या त्रिकोणांत पृथ्वीच्या गोलाईमुळे ही बेरीज किंचित जास्त यावी लागते आणि तेवढी वाढ हिशेबात धरल्यावरही फरक उरला, तर मोजणीत कोठेतरी चूक आहे हे कळते. दुसरा नियम त्रिकोणाच्या आकाराचा आहे. निरीक्षणाच्या दोन जागा एकमेकींना फार जवळ असतील, तर त्रिकोण चिंचोळा होतो आणि कोनातली बारीकशी चूक अंतरात प्रचंड होऊन बसते. म्हणून कोन शक्यतो ३० अंशांहून लहान आणि १२० अंशांहून मोठा नसावा, असा दंडक भूमापक पाळत आले. पडताळ्यासाठी तिसरी जागा आणि जागांमध्ये पुरेसे अंतर, हे दोन नियम जमिनीच्या मोजणीइतकेच इतिहासाच्या मोजणीलाही लागू पडतात.

या पद्धतीमागचा विचार भारतीय गणिताला परका नव्हता. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त छायाव्यवहार नावाचे प्रकरण आहे. त्यात ठरावीक उंचीचा शंकू, म्हणजे जमिनीत उभा रोवलेला खुंटा, दोन ठिकाणी ठेवून पडणाऱ्या दोन सावल्या आणि त्या जागांमधील अंतर यांवरून दिव्याची उंची व त्याचे अंतर काढण्याची रीत सांगितली आहे. हात न पोचणारी वस्तू दोन जागांवरून पाहून मोजायची, हे तत्त्व तेथे स्पष्ट दिसते. मात्र संपूर्ण प्रदेशावर त्रिकोणांचे जाळे पसरून नकाशा तयार करण्याची पद्धत युरोपात वाढली. गेमा फ्रिसियस यांनी १५३३ मध्ये तिचे वर्णन केले आणि पुढच्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विलेब्रोर्ड स्नेल यांनी हॉलंडमधील गावांच्या मनोऱ्यांवरून कोन घेत पृथ्वीच्या आकाराचा अंदाज बांधला.

भारतात हे काम विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केले. सेंट थॉमस माउंटजवळच्या सपाटीवर सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा पोलादी साखळीने अत्यंत बारकाईने मोजण्यात आली. तिच्या टोकांवरून थिओडोलाइटने, म्हणजे आडवे व उभे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीच्या यंत्राने, दूरच्या टेकड्यांचे कोन घेतले गेले आणि मिळालेली प्रत्येक नवी बाजू पुढच्या त्रिकोणाची पायारेषा झाली. १८१८ पासून हा उपक्रम ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ या नावाने ओळखला जाऊ लागला. लॅम्टन यांचा मृत्यू १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मोहिमेवर असतानाच झाला आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे चालवले. दक्षिणोत्तर मुख्य मालिकेपासून पश्चिमेकडे मुंबईपर्यंत त्रिकोणांची एक शाखा नेण्यात आली, तिच्यावर रॉबर्ट शॉर्टरीड यांनी बराच काळ काम केले. या मोहिमांचे श्रेय इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावावर जमा झाले, तरी जड यंत्रे डोंगरमाथ्यावर चढवणारे खलाशी, दूरच्या शिखरावर खूण धरून उभे राहणारे झेंडीवाले आणि साखळी ओढणारे मजूर हे याच देशातले होते, हे नोंदवणे आवश्यक आहे.

उत्तर कोकणाची भूरचना अशा मोजणीसाठी बनल्यासारखी आहे. पश्चिमेला सपाट किनारपट्टी, मध्ये काळदुर्ग, तांदूळवाडी, अशेरी, कोहोज अशी सुटी सुटी शिखरे आणि पूर्वेला जव्हार-मोखाड्याकडे चढत जाणारा डोंगराळ मुलूख, अशी येथील मांडणी असल्याने एका माथ्यावरून दुसरा माथा सहज दृष्टीस पडतो. हीच दृष्टिरेषा लक्षात घेऊन या शिखरांवर किल्ले उभारले गेले होते. पालघर-मनोर वाटेवरच्या वाघोबा खिंडीलगतचा काळदुर्ग किनाऱ्यावर नजर ठेवी आणि अशेरी अंतर्भागातील वाटांवर. किनाऱ्यावरील नाविकांनाही याच तत्त्वाचा आधार असे. जमिनीवरच्या दोन ओळखीच्या खुणांच्या दिशा एकाच वेळी घेतल्या, तर त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे नाव आहे, हे सागरी नकाशावर ठरवता येते, आणि तिसऱ्या खुणेची दिशा त्याच छेदबिंदूतून गेली, तर ते स्थान बरोबर असल्याची खात्री पटते.

शेतकऱ्याच्या वाट्याला त्रिकोण आला तो महसुली मोजणीतून. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून रूढ केलेली पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे जिल्ह्यातही लागू झाली. या पद्धतीत ३३ फुटांची आणि १६ आण्यांत विभागलेली साखळी वापरत. तिच्या एका चौरसाचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे हिशेब आजही व्यवहारात आहेत. काटकोन साधण्यासाठी जे साधन वापरले जाई, त्याला शंकू हेच नाव मिळाले आणि संपूर्ण रीत शंकू-साखळीची मोजणी म्हणून ओळखली गेली. वाकड्यातिकड्या शेताच्या आत एक मुख्य रेषा धरायची, बांधाच्या प्रत्येक वळणापासून तिच्यावर काटकोनात अंतर घ्यायचे आणि शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडून क्षेत्र काढायचे, असा क्रम असे. त्या वेळी जागेवर केलेल्या आकृतीसह नोंदीला टिपण म्हणतात आणि हद्दीच्या वादात भूमी अभिलेख कार्यालयात आजही त्याच टिपणांचा आधार शोधला जातो. मोजणीदाराचे काम वरिष्ठाने पुन्हा तपासावे, हा नियमही या व्यवस्थेचा भाग होता, म्हणजेच एकाच्या डोळ्यावर विसंबून राहायचे नाही हे तत्त्व येथे कागदोपत्री मान्य झाले होते.

हा शब्द समाजशास्त्रात शिरला तो याच तत्त्वाच्या बळावर. १९५९ मध्ये डोनाल्ड कॅम्बेल आणि डोनाल्ड फिस्के या मानसशास्त्रज्ञांनी एकच गुण अनेक रीतींनी मोजून निष्कर्ष जुळतात का हे पाहण्याचा आग्रह धरला, १९६६ मध्ये युजीन वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला त्रिकोणीकरण हे नाव दिले आणि १९७० मध्ये नॉर्मन डेन्झिन यांनी त्याचे चार प्रकार सांगितले. वेगवेगळ्या काळातील, ठिकाणांतील व व्यक्तींकडील माहिती ताडून पाहणे हा पहिला प्रकार, एकाहून अधिक अभ्यासकांनी तोच विषय स्वतंत्रपणे पाहणे हा दुसरा, अनेक सिद्धांतांच्या प्रकाशात तीच माहिती वाचणे हा तिसरा, आणि मुलाखत, निरीक्षण, दप्तर अशा निरनिराळ्या पद्धती एकत्र आणणे हा चौथा. इतिहासकार अशी तुलना या नावाशिवाय पूर्वीपासून करत आले होते; नव्या परिभाषेने त्यांना दिले ते साक्षींमधील अंतराचे भान.

तारापूरला लागून असलेल्या चिंचणी गावात १९५५ मध्ये सापडलेले ताम्रपट हे या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. दिनेशचंद्र सरकार यांनी संपादित केलेल्या या पटांपैकी सर्वांत जुना राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यात संयान मंडळाचा, म्हणजे संजाण आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे असल्याचा उल्लेख येतो. ताजिक म्हणजे अरब आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय. या अधिकाऱ्याने नदीवर विनामूल्य नावेची सोय केली, अन्नसत्र चालवले आणि भगवतीच्या मठाला दान दिले, असे पट सांगतो. त्याच पटांच्या संचात शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याचा शके ९५६ म्हणजे इ. स. १०३४ चा लेख आहे. एका तेलघाण्याचे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद त्यात आहे आणि त्यातील ‘हंयमन’ या शब्दात काही विद्वानांना पारशी समाजाची अंजुमन दिसते.

संजाणबद्दलची सर्वांत प्रसिद्ध साक्ष मात्र वेगळी आहे. बहमन कैकोबाद संजाणा या धर्मगुरूने इ. स. १६०० च्या सुमारास रचलेल्या ‘किस्से-इ-संजाण’ या फारसी काव्यात इराण सोडून आलेल्या जरथुष्ट्री लोकांना जादी राणा नावाच्या राजाने संजाणला आश्रय दिल्याची, पवित्र अग्नी प्रस्थापित झाल्याची आणि पुढे सुलतानी सैन्याच्या हल्ल्यानंतर तो अग्नी बोर्डीजवळच्या बहरोट डोंगरातील गुहांत बारा वर्षे सुरक्षित ठेवल्याची हकिकत आहे. हे काव्य त्यात वर्णिलेल्या आगमनानंतर कित्येक शतकांनी, ज्येष्ठांकडून ऐकलेल्या परंपरेवरून लिहिले गेले. त्यामुळे केवळ त्याच्या आधारावर इतिहास लिहिणे म्हणजे एकाच कोनावर त्रिकोण सोडवण्याचा प्रयत्न ठरतो.

चिंचणीचे पट हा या बाबतीत दुसरा कोन, कारण ते त्याच काळात, राजसत्तेच्या व्यवहारासाठी, धातूवर कोरले गेले आणि त्यांच्या कर्त्यांना पारशी समाजाचे मोठेपण सांगायचे नव्हते. इस्तख्री, इब्न हौकल यांसारख्या अरबी लेखकांनी सुबारा म्हणजे सोपारा आणि सैमूर म्हणजे चौल या बंदरांच्या बरोबरीने सिंदानची म्हणजे संजाणची केलेली नोंद ही तिसरी साक्ष ठरते आणि २००२ ते २००४ या काळात संजाणला झालेले उत्खनन ही चौथी. आठव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंतची भरभराटीची वस्ती, पश्चिम आशियातील निळसर-हिरव्या झिलईची भांडी, चिनी मृत्पात्रे आणि दख्म्याचे, म्हणजे पारशी अंत्यविधीच्या गोल वास्तूचे अवशेष त्यात हाती आले. या चार जागांवरून घेतलेल्या रेषा एका निष्कर्षावर निश्चित छेदतात : दहाव्या शतकाच्या आगेमागे संजाण हे हिंदू, अरब आणि पारशी लोकवस्तीचे, हिंदी महासागराच्या व्यापारात गुंतलेले संपन्न बंदर होते. मात्र पारशी नेमके कोणत्या वर्षी आले, या प्रश्नावर या रेषा छेदत नाहीत. ७१६ पासून ९३६ पर्यंतची निरनिराळी वर्षे अभ्यासकांनी सुचवली आहेत आणि ती सर्व प्रामुख्याने किस्स्यातील कालमोजणीच्या अर्थावर अवलंबून आहेत. कोणते विधान सिद्ध आहे आणि कोणते एकाच साक्षीवर उभे आहे, हा भेद स्पष्ट करणे हेच त्रिकोणीकरणाचे पहिले फळ होय.

केळवे-माहीम परिसराशी निगडित असलेली ‘महिकावतीची बखर’ हे दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ एका हातचा नाही. त्यातील जुना भाग केशवाचार्यांनी शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ मध्ये रचलेला आहे आणि इतर प्रकरणांची भर नंतरच्या काळात पडली आहे. प्रतापबिंब नावाच्या राजाने शके १०६० म्हणजे इ. स. ११३८ च्या सुमारास उत्तरेकडून येऊन दमण, तारापूर, चिंचणी या मार्गाने उत्तर कोकण ताब्यात घेतले आणि महिकावती, म्हणजे माहीम, ही राजधानी केली, असे बखर सांगते. हे विधान शिलाहारांच्या कोरीव लेखांसमोर ठेवले, की पहिली अडचण उभी राहते. अपरादित्याचा वडवलीचा ताम्रपट ११२७ चा आहे आणि हरिपालदेवाचा आगाशी येथील शिलालेख ११५० चा. म्हणजे बखरीत दिलेल्या वर्षाच्या अलीकडे आणि पलीकडे या भागात शिलाहारांची सत्ता जिवंत होती. दुसरी अडचण माहीम या नावाची आहे, कारण केळव्याजवळचे माहीम आणि मुंबईचे माहीम अशी दोन माहीमे बखरीच्या कथनात येतात आणि कोणती घटना कोठली, यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत.

एवढ्यावरून बखर टाकाऊ ठरवणे हा घाईचा निवाडा ठरेल. भूमापकाला तिन्ही कोनांची बेरीज जुळली नाही, तर तो मोजणी फेकून देत नाही. चूक कोणत्या जागी आणि किती आहे, हे तो शोधतो. केशवाचार्य पंधराव्या शतकाच्या मध्यावर, परकी सत्तेखाली विस्कटलेल्या समाजाला त्याचे कुळाचार आणि ‘महाराष्ट्रधर्म’ आठवून देण्याच्या हेतूने लिहीत होते. त्यामुळे तीनशे वर्षांपूर्वीच्या राजांची वर्षे सांगताना त्यांचा कोन चुकणे स्वाभाविक आहे. पण गावांची नावे, वसाहतीचा क्रम, कुळांची मांडणी आणि वृत्ती, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे हक्क, यांबद्दल ते ज्या जागी उभे होते तेथून त्यांना स्पष्ट दिसत होते. राजवंशाच्या बाबतीत कोरीव लेख आणि समाजरचनेच्या बाबतीत बखर, असा प्रत्येक साक्षीचा पल्ला ठरवून दिला, की दोन्हींतले विरोध बरेचसे निवळतात.

साक्षी जुळत असतानाही त्या विसंगत भासाव्यात, असे तिसऱ्या उदाहरणात घडते. चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत पोर्तुगिजांचे उत्तर कोकणातले राज्य संपले. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला घेताना बाजी भिवराव रेठरेकर कामी आले आणि वसईच्या शरणागतीवर १६ मे १७३९ रोजी शिक्कामोर्तब झाले. या घटनांचे कागद तीन दप्तरांत विखुरलेले आहेत : पेशव्यांच्या दप्तरात, गोव्यातील पोर्तुगीज दप्तरात आणि मुंबईच्या इंग्रज वखारीच्या नोंदींत. पोर्तुगालने १५८२ मध्येच सुधारलेली ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली होती, इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत स्वीकारली नव्हती आणि मराठी कागदांत तिथी, शक व मुसलमानी महिने चालत. परिणामी पोर्तुगिजांच्या लेखी जो १६ मे, तोच दिवस इंग्रजांच्या लेखी ५ मे असे. हा अकरा दिवसांचा फरक न ओळखणाऱ्याला एकाच घटनेचे दोन प्रसंग दिसू शकतात. यंत्राचा स्वभावदोष ठाऊक असेल, तर त्याचे माप दुरुस्त करून वापरता येते, हे भूमापनातले तत्त्व येथे जसेच्या तसे लागू पडते. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरातून आणि गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून कागद निवडून प्रसिद्ध केल्यामुळेच ही तुलना मराठी अभ्यासकांच्या आवाक्यात आली.

जवळच्या काळातील साक्षींना हे शास्त्र तितकेच लागते. डहाणू, तलासरी आणि उंबरगाव भागातील वारल्यांनी १९४५ मध्ये वेठबिगार आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबणारा गडी, आणि हे राबणे अनेकदा आयुष्यभर चाले. त्या उठावाचे सविस्तर कथन गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात आहे. त्या स्वतः चळवळीच्या नेत्या असल्याने हे कथन एका बाजूचे आहे, असा आक्षेप घेता येतो, आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे झालेल्या गोळीबारासारख्या घटनेत सरकारी बाजू व चळवळीची बाजू अगदी समोरासमोर उभ्या राहतात. अशा वेळी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला डी. सिमिंग्टन यांचा अहवाल निर्णायक ठरतो. मुंबई सरकारच्याच या सनदी अधिकाऱ्याने उठावाच्या कित्येक वर्षे आधी, कोणत्याही चळवळीशी संबंध नसताना, आदिवासी भागातील सक्तीचे श्रम, सावकारी आणि मारहाण यांची नोंद करून ठेवली होती. शोषक व्यवस्थेचे वर्णन चळवळीच्या नेत्याने आणि राजसत्तेच्या अधिकाऱ्याने परस्परविरुद्ध जागांवरून एकसारखे केले असेल, तर त्याविषयी शंका घेण्यास फारशी जागा उरत नाही. उठावात भाग घेतलेल्या कुटुंबांच्या आठवणी हा या त्रिकोणाचा आणखी एक कोन आहे आणि त्याची नोंद घेण्यासाठी हातात असलेला वेळ संपत आला आहे.

या पद्धतीचा गैरवापरही होतो आणि तो टाळण्यासाठी चिंचोळ्या त्रिकोणाचा नियम पुन्हा आठवावा लागतो. पालघर परिसरावरील कितीतरी लेखनाचे मूळ जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. एखाद्या किल्ल्याविषयी तीन पुस्तकांत एकच माहिती आढळली, पण तिन्ही पुस्तकांनी ती गॅझेटियरमधूनच घेतली असेल, तर साक्षी तीन नसून एकच आहे. निरीक्षणाच्या तिन्ही जागा एकमेकींना चिकटलेल्या आहेत आणि गॅझेटियरमधली चूक तिन्ही पुस्तकांत तितक्याच आत्मविश्वासाने वावरते. साक्षींची संख्या मोजण्याआधी त्यांचे परस्परांतील नाते तपासले पाहिजे, ही शिस्त स्थानिक इतिहासाच्या लेखनात अजून पुरेशी रुजलेली नाही.

वर्तमानातही या जिल्ह्याला त्रिकोणाची गरज पडते आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात धुंदलवाडीच्या आसपास लहान भूकंपांची मालिका सुरू झाली. भूकंपाच्या दोन प्रकारच्या लहरी एका केंद्रावर किती वेळाच्या फरकाने पोचतात यावरून धक्क्याचे अंतर कळते, दिशा कळत नाही. म्हणून किमान तीन केंद्रांवरून त्या त्या अंतराची वर्तुळे काढून ती जेथे छेदतात ते स्थान शोधावे लागते. येथे कोनांऐवजी अंतरे मोजली जातात, पण अनेक जागांवरून एक बिंदू ठरवण्याचे तत्त्व तेच आहे, आणि दूरच्या केंद्रांपेक्षा जवळ बसवलेल्या यंत्रांमुळे असे स्थान अधिक नेमके ठरते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचा प्रश्नही याच जातीचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण, म्हणजे देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक प्रदूषणाचे गुण मिळाले. हवा, भूपृष्ठावरील पाणी आणि भूजल अशा तीन स्वतंत्र मापांवरून हा निर्देशांक काढलेला असतो. अशा आकड्यांच्या जोडीला खाडीत उतरणाऱ्या मच्छीमारांचे अनुभव आणि आरोग्याच्या नोंदी ठेवल्या, तरच त्या परिसराचे संपूर्ण चित्र उभे राहते. केवळ यंत्राच्या किंवा केवळ तक्रारीच्या एका बाजूवर ते उभे राहत नाही.

पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि आपला इतिहास ठाण्याच्या पानांतून वेगळा काढून लिहिण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. हा इतिहास केवळ किल्ल्यांचा, केवळ एका समाजाचा किंवा केवळ गॅझेटियरच्या पुनर्लेखनाचा होऊ नये, यासाठी जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये आणि स्थानिक मंडळे यांनी तीन कामे तातडीने हाती घ्यावीत : ताम्रपट, शिलालेख, वीरगळ यांची गावनिहाय नोंद करावी, पोर्तुगीज, इंग्रज आणि पेशवेकालीन कागदांतील या प्रदेशाचे उल्लेख मराठीत एकत्र आणावेत, आणि वारली, कोकणा, मल्हार कोळी, मांगेला, वाडवळ, पारशी, आगरी या समाजांतील वृद्धांकडची मौखिक माहिती त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावी. या तिन्ही साक्षी एकमेकींपासून पुरेशा दूर उभ्या आहेत, म्हणून त्या एकत्र तपासल्यावर येणारा निष्कर्ष भक्कम असेल. पहिल्या दोन साक्षी दगडावर, धातूवर आणि कागदावर आहेत, त्या आणखी काही काळ थांबतील. तिसरी माणसांच्या स्मरणात आहे, म्हणून कामाची सुरुवात तिच्यापासून झाली पाहिजे.